कुरआन घडाघडा, पण धड्यावर अडखळतात

पत्र :

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला अरबी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत मराठी शाळेत झालं, म्हणून मराठीतच लिहिते आहे. नववीत 41 मुलं-मुली आहेत. जवळजवळ सगळ्यांचं कुरआन वाचून झालेलं आहे, एक मुलगा तर हाफिज आहे, म्हणजे अख्खं कुरआन पाठ असलेला. पण पुस्तकातला धडा मोठ्याने वाचायला उभं केलं की हीच मुलं शब्दाशब्दाला थांबतात. यंदा मराठी शाळेतून आलेली एक मुलगी अक्षर लावत लावत वाचते, तेव्हा बाकीची हसतात. मी प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारते, तरी फरक पडत नाही. काहीजण शब्दांच्या डोक्यावर उर्दूत किंवा देवनागरीत उच्चार लिहून आणतात. लिहू द्यावेत का? की सगळ्या धड्याला मीच जबर-जेर, म्हणजे स्वरांच्या खुणा, लावून देऊ? डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे आणि मुख्याध्यापकांची इच्छा आहे की मुलांनी अरबीतून काही वाचून दाखवावं. मला आत्तापासूनच धास्ती वाटते.

उत्तर :

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी 30 वर्षं हाच विषय शिकवला, आणि पहिली 10 वर्षं तुमच्याच प्रश्नापाशी अडकून होते. तेव्हा मला वाटायचं की मुलांची जीभ जड आहे, सराव कमी पडतो, घरून वाचून येत नाहीत. मग मी आणखी वाचायला लावायची, आणखी टोकायची. एका मुलाला मी सलग तीन दिवस एकच परिच्छेद उभं राहून वाचायला लावला होता. चौथ्या दिवशी तो शाळेत आला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याने अरबी सोडली. ते मला आजही लागून राहिलं आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगते : तुमच्या मुलांची जीभ जड नाही. ज्या जिभेला कुरआनातली सूरे रहमान येते, तिला ‘शाळेतला पहिला दिवस’ हा धडा जड जाणार नाही. अडचण डोळ्यांची आहे.

मदरशात मूल आधी कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, शिकतं, मग कुरआन. तिथे प्रत्येक अक्षरावर खूण असते आणि प्रत्येक ओळ आधी उस्तादांच्या तोंडून कानावर पडलेली असते. डोळा आणि कान जोडीने चालतात, आणि खरं सांगायचं तर कान पुढे असतो. हाफिज मुलाचं तर विचारूच नका, त्याची नजर पानावर असते पण शब्द आठवणीतून येत असतात. आता त्याच्या हातात पाठ्यपुस्तक येतं. मजकूर कधीच न ऐकलेला, खुणा कुठे आहेत कुठे नाहीत, आणि छपाईसुद्धा वेगळी. आपल्याकडच्या कुरआनाच्या प्रतींत ‘आ’साठी खडा (उभा) जबर असतो, जज्मचा, म्हणजे अक्षराला स्वर नसल्याच्या खुणेचा, आकार वेगळा असतो. अरबी देशांच्या धर्तीवर छापलेल्या पुस्तकात तो आधार नसतो, शब्दाच्या शेवटच्या काफच्या पोटात छोटीशी खूण असते, शेवटच्या ‘ये’खाली दोन ठिपके कधी असतात कधी नसतात. त्यात तुमच्या मुलांच्या डोळ्यांना नस्तालीकचं, म्हणजे उर्दूच्या तिरप्या लिखाणाचं, वळण. या सगळ्यात मूल पहिल्यांदा खरोखरच ‘वाचतं’ आहे. तो आजवरच्या पाठांतराचा पुढचा टप्पा नव्हे, ते निराळंच कौशल्य आहे. मुलांना हे मोकळेपणाने सांगा. ‘तुला कुरआन येतं आणि हे येत नाही?’ हे वाक्य मात्र वर्गात कधीही उच्चारू नका, मूल दोन्हीकडून खचतं.

पहिल्या आठवड्यात शिकवू नका, फक्त ऐका. एकेका मुलाला बाजूला बसवून तीन गोष्टी एकेक मिनिट वाचायला द्या : ओळखीच्या सूरेच्या चार ओळी, सगळ्या खुणा असलेला अनोळखी उतारा, आणि तितकाच सोपा पण बिनखुणांचा उतारा. दुसरं कोणी ऐकत नसावं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, किती शब्द बरोबर वाचले ते मोजा आणि कुठे थांबलं तिथे तुमच्या प्रतीवर पेन्सिलीने रेघ मारा. 41 मुलांना दोन आठवडे लागले तरी लागू देत. त्या रेघा पाहिल्या की कळेल की सगळी मुलं एकाच कारणाने थांबत नाहीत. काहींना शब्दाच्या मधला ऐन, गैन, फे आणि काफ यांचे आकार एकसारखे दिसतात. काही नामाआधी जोडल्या जाणाऱ्या ‘अल’पाशी अडतात. काही शब्दाच्या शेवटी, की इथे जबर म्हणू की पेश, म्हणजे ‘अ’ की ‘उ’. आणि बरीचशी अशी असतील की त्यांना सगळी अक्षरं ओळखू येतात, पण शब्द कोणत्या चालीने म्हणायचा हेच सुचत नाही. हा शेवटचा गट तुमच्याकडे सर्वांत मोठा असेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

अरबी लिपी व्यंजनांची आहे. अक्षरं 28, आणि आखूड स्वर ओळीत लिहीत नाहीत. ऐन-लाम-मीम ही तीन अक्षरं बिनखुणांची दिली तर ती ‘इल्म’ असतील, म्हणजे ज्ञान, किंवा ‘अलम’, म्हणजे झेंडा, किंवा ‘अलिम’, त्याला कळलं, किंवा ‘अल्लम’, त्याने शिकवलं. आपल्याला ‘ध’चा ‘मा’ ठाऊक आहे, अरबीत तर अक्षरालाही हात लावावा लागत नाही. खुणांची गरज का पडली त्याची परंपरेने सांगितली जाणारी गोष्टही अशीच आहे. इराकातल्या बसऱ्याचे भाषापंडित अबुल असवद अद्-दुअली यांनी कोणाला तरी एका आयतीत ‘रसूलुहू’च्या जागी ‘रसूलिही’ वाचताना ऐकलं. पेशचा जेर, म्हणजे ‘उ’चा ‘इ’, झाला, वाक्याचा कर्ता भलत्या बाजूला गेला आणि अर्थाचा अनर्थ झाला. मग त्यांनी एक लेखनिक बसवला आणि सांगितलं : मी तोंड उघडलं की अक्षराच्या वर ठिपका दे, ओठ मिटून गोल केले की पुढे दे, जबडा खाली नेला की खाली दे. ठिपके शाईहून वेगळ्या रंगाचे होते. अबुल असवद इसवी सन 688च्या सुमारास वारले. आज आपण वापरतो त्या खुणा पुढच्या शतकात व्याकरणकार खलील इब्न अहमद यांनी घडवल्या असं मानतात.

ही गोष्ट मी दरवर्षी नववीला सांगायची, कारण तिच्यातून खुणांची नावं आपोआप उलगडतात. अरबीत फतह म्हणजे उघडणं, कस्र म्हणजे मोडणं, दम्म म्हणजे जवळ आणून मिटणं. ही झाली तोंडाची हालचाल. आपल्याकडची नावं फारसीतून आलेली आहेत, त्यांत ठिपक्याची जागा राहिली : जबर म्हणजे वर, जेर म्हणजे खाली, पेश म्हणजे पुढे. मुलांना विचारा, हे शब्द मराठीत कुठे भेटतात? ‘जबरदस्त’मध्ये वरचा हात आहे, ‘जेरीस आणणं’ म्हणजे खाली दाबणं, आणि ‘पेशवा’ म्हणजे जो पुढे आहे तो. रत्नागिरीची मुलं हे ऐकून चकित होतात आणि पुन्हा कधी खुणा विसरत नाहीत.

आता साच्यांकडे येऊ. सर्फमध्ये, म्हणजे शब्द कसे घडतात त्या व्याकरणात, साच्याला वजन म्हणतात, तुम्ही ते व्याकरणात शिकवतच असाल. पण बहुतेक ठिकाणी ते वहीत लिहायचं आणि परीक्षेत भरायचं प्रकरण होऊन बसतं. वाचनाशी त्याचा संबंध कोणी जोडून देत नाही. प्रत्यक्षात बिनखुणांचं अरबी घडाघडा वाचणारा माणूस अक्षरं जोडत नसतो, तो साचा ओळखत असतो. शब्दाच्या पहिल्या मूळ अक्षरानंतर अलिफ दिसला आणि पुढे दोन अक्षरं उरली, की तोंडात आपसूक ‘आ-इ’ अशी चाल येते : कातिब, हाकिम, मालिक. सुरुवातीला मीम आणि शेवटून दुसरा वाव दिसला की ‘म-ऊ’ : मक्तूब, मअलूम.

आणि ताई, तुमच्या मुलांच्या कानात हे साचे आधीच आहेत! अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आणि उर्दूत इतके आले आहेत की नुसत्या तहसील कचेरीच्या पाट्यांवर अर्धं सर्फ शिकवून होईल. मंजूर, मजकूर, महसूल, मजबूत हे चारही ‘मफऊल’च्या साच्यातले. तहसील, तपशील, तालीम, तजवीज हे चारही ‘तफईल’च्या साच्यातले, आणि कुरआनाच्या उच्चारनियमांना मुलं ज्या नावाने ओळखतात तो तजवीद हा शब्दही त्याच रांगेत बसतो. मालक, हजर, जाहीर, साहेब आणि कोर्टातला नाझर हे ‘फाइल’ या साच्यातले, मराठीत येताना जरा झिजलेले. आता तहसील आणि महसूल शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींत हे-स्वाद-लाम ही तीच तीन मूळ अक्षरं दिसतील. जमा, जमात, जुम्मा आणि जामा मशीद यांत जीम-मीम-ऐन. माझा सर्वांत आवडता संच म्हणजे खर्च, खारीज आणि मखरज. पैसा बाहेर जातो, दावा बाहेर जातो, आणि घशातून-ओठांतून अक्षर जिथून बाहेर पडतं ते मखरज. तिन्हींचं मूळ खे-रे-जीम.

हे असं करा : तासाची पहिली पाच मिनिटं फळ्यावर एकाच साच्याचे आठ शब्द लिहा, चार ओळखीचे आणि चार अनोळखी. पहिल्या दिवशी सगळ्या खुणांसह. टाळीच्या ठेक्यावर सगळ्या वर्गाने म्हणायचे. दुसऱ्या दिवशी फक्त पहिल्या दोन शब्दांवर खुणा. तिसऱ्या दिवशी कशावरच नाही, आणि चार नवे शब्द. मूल ‘मशहूर’ वाचतं त्याच चालीने ‘मफहूम’ वाचून जातं, अर्थ माहीत नसताना! मग अर्थ सांगा. एका साच्याला एक आठवडा द्या. डिसेंबरपर्यंत आठ-दहा साचे पक्के झाले तर धड्यातले निम्मे थांबे नाहीसे होतील.

यातच तुमच्या जबर-जेरच्या प्रश्नाचं उत्तर आलं. सगळीकडे कायमच्या खुणा लावून देऊ नका, आणि एकदम काढूही नका. खुणा म्हणजे लंगडेपणा असं काहीजण मानतात, ते चूक आहे. हैफा विद्यापीठातले सालिम अबू-रबिया यांनी अरबी मातृभाषा असलेल्या मुलांवर अभ्यास केले, तर स्वरखुणा असल्या की कच्च्याच नव्हे, चांगल्या वाचकांचंही वाचन सुधारतं असं त्यांना दिसलं. अरबी देशांतली मुलंही प्राथमिक वर्गांत पूर्ण खुणांचीच पुस्तकं वाचतात, मग खुणा हळूहळू विरळ होत जातात. तुम्हीही तेच करा. नव्या धड्याची पहिली प्रत पूर्ण खुणांची द्या. दुसऱ्या आठवड्यात ओळखीच्या साच्यांवरच्या खुणा काढा. तश्दीद, म्हणजे अक्षर दुहेरी म्हणायची खूण, मात्र शेवटपर्यंत ठेवा, कारण तश्दीद गेली की ‘शिकवलं’चं ‘कळलं’ होतं. जिथे दोन वाचनं संभवतात तिथे एकच खूण ठेवली तरी पुरते.

डोक्यावर उर्दूत किंवा देवनागरीत उच्चार लिहायला मात्र बंदी करा, प्रेमाने पण ठाम. डोळा आळशी असतो, ओळखीची लिपी दिसली की तो खाली पाहतच नाही. शिवाय देवनागरीत ते मावतही नाही. अंजीर या अर्थाचा शब्द आणि चिखल या अर्थाचा शब्द, दोन्ही आपण ‘तीन’ असेच लिहू, एकात साधा ते आहे आणि दुसऱ्यात तोय. तलवार आणि उन्हाळा दोन्ही ‘सैफ’. उर्दूतही बोलताना से, सीन, स्वाद यांचा एकच स होतो आणि जाल, जे, ज्वाद, जोय या चारांचा उर्दू ‘जहाज’च्या शेवटी येतो तो एकच ज. मदरशात तजवीद चांगली शिकलेली मुलं कुरआनात हे भेद सांभाळतात आणि पाठ्यपुस्तक उघडलं की उर्दूवर येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यांना फक्त आठवण करून द्यावी लागते. काळीज म्हणजे ‘कल्ब’ घशातल्या काफने, साध्या काफने म्हटलं तर कुत्रा होतो, हे एक उदाहरण वर्षभर पुरतं.

मुलांना कुरआनातून येणाऱ्या आणखी दोन गोष्टी धड्यात आणून द्या. तुमची मुलं ‘घरात’ म्हणताना ‘फी, अल, बैत’ असे तीन तुकडे पाडून वाचत असतील. त्यांना सूरे फातिहा म्हणायला सांगा. ‘रब्बिल आलमीन’मध्ये लाम ऐकू येतो. ‘यौमिद्दीन’मध्ये लाम लिहिलेला आहे पण ऐकू येत नाही, तो पुढच्या दालमध्ये विरून जातो. दोन्ही ठिकाणी ‘अल’चा अलिफ गळून पडला आहे. शम्सी (‘अल’चा लाम गिळणाऱ्या) आणि कमरी (तो ऐकू येऊ देणाऱ्या) अक्षरांचा अख्खा नियम त्यांच्या तोंडात लहानपणापासून आहे, 14 इकडची आणि 14 तिकडची. मग ‘फिल-बैत’, ‘बाबुल-मदरसा’, ‘तुलूउश्-शम्स’ हे वेगळं शिकवायला लागत नाही, ‘फातिहाची चाल इथे लाव’ एवढंच म्हणायचं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. ‘आलमीन’च्या शेवटी लिहिलेला जबर थांबताना कोणी उच्चारत नाही. धड्यातही वाक्य संपलं की शेवटचा आखूड स्वर सोडायचा, शब्दाच्या शेवटचा गोल आकाराचा ते ‘ह’ होतो, आणि ‘सबाहन’सारख्या शब्दाचा थांबताना ‘सबाहा’ होतो. ‘जहबतु / इलल-मदरसति / सबाहा’ (मी सकाळी शाळेत गेले) अशा श्वासाच्या रेघा मुलांनीच पेन्सिलीने मारायच्या. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत मध्ये थांबायचं नाही. अडखळण्याचा बराच भाग असा असतो की मूल भलत्याच ठिकाणी श्वास घेतं आणि मग पुढचा शब्द उघडा पडतो. शब्दांच्या शेवटच्या इअराबची, म्हणजे वाक्यातल्या जागेप्रमाणे बदलणाऱ्या स्वराची, भीती फार असेल तर अरब शिक्षकांचं एक म्हणणं आहे, ‘सक्किन, तस्लम’, म्हणजे जज्म दे आणि सुटका करून घे. पण ती सवलत रेघेपाशी थांबतानाची, प्रत्येक शब्दाला जज्म देऊन वाक्याचे तुकडे पाडायची नाही.

एक मात्र कुरआनातून धड्यात आणू नका, ते म्हणजे किरातची, कुरआन म्हणण्याची, लय. गुन्ना (नाकातला स्वर) लांबवणं, चार-पाच मात्रांचा मद्द (लांबवलेला स्वर), आवाजाचे चढउतार हे सगळं कलामे इलाहीचं, ईश्वराच्या वाणीचं, आहे, त्याचा मान तिथेच. ‘बाजारात किती भाजी मिळते?’ हे वाक्य त्या लयीत म्हटलं की प्रश्न प्रश्नासारखा वाटत नाही. मुलांना कारण सांगितलं की ती समजतात, कारण त्यांनाही तो मान ठाऊक असतो. साध्या गद्याची चाल कशी असते हे कळण्यासाठी अरबी बातम्या ऐकवा, दररोज दोन मिनिटं. बातम्या फुसहामध्ये असतात, म्हणजे प्रमाण अरबीत, तुमच्या पुस्तकाच्याच भाषेत.

तुमच्या वर्गात कोणाचे अब्बा कुवेतला असतील, कोणाचे दोहा-दुबईला. मुलं म्हणतील, अब्बा तर ‘कुठे’ला ‘वेन’ म्हणतात, पुस्तकात ‘ऐन’ का? त्यांना सांगा की अरब मुलांचंही तेच होतं, घरात एक बोली आणि पुस्तकात दुसरी. तीही शाळेत येऊनच फुसहा वाचायला शिकतात. अब्बांना कमी लेखू नये आणि पुस्तकालाही.

आता तुमच्या सुधारण्याबद्दल. प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारली की मूल वाचत नाही, तुमच्या तोंडाकडे पाहत बसतं. पुढच्या शब्दाआधीच ते थांबतं, कारण तुम्ही काहीतरी म्हणणार हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे निम्मं अडखळणं आपणच शिकवतो. माझ्याकडून हे वर्षानुवर्षं झालं, म्हणून कळकळीने सांगते. रेघेपर्यंत थांबा. मुलाला स्वतःची चूक स्वतः पकडायची संधी द्या, बऱ्याचदा ते मागे जाऊन दुरुस्त करतं आणि ते फार मोलाचं असतं. एका दिवशी एकाच प्रकारची चूक सुधारायची : आज फक्त ‘अल’, उद्या फक्त मखरज, परवा फक्त थांबे. अर्थ उलटणारी चूक मात्र लगेच सांगा, हळू आवाजात आणि योग्य शब्द स्वतः म्हणून.

धडा कधीही कोरा वाचायला देऊ नका. आधी अर्थ, मग तुमचं वाचन, तेव्हा मुलांची बोटं ओळीवर. मग एक तुकडा तुम्ही, तोच तुकडा वर्ग. मग सगळा वर्ग एकत्र, त्यात लाजाळू मुलाचा आवाज झाकला जातो. मग जोड्या. आणि सर्वांत शेवटी, ज्याला हवं त्याने एकट्याने. उतारा आठ ओळींचा पुरे, पण तोच तीन-चार दिवस. अमेरिकेतले सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये हीच रीत मांडली होती, छोटा उतारा सफाई येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचा आणि मगच पुढे जायचं. आपल्या मदरशांना ती कितीतरी आधीपासून माहीत आहे, सबक (धडा) पक्का झाल्याशिवाय पुढचा सबक मिळत नाही. फरक एवढाच की इथे प्रत्येक वाचनाला डोळे पानावर हवेत. त्यासाठी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि ओळ झाकून एकेक शब्द उघडत जा, विशेषतः हाफिज मुलासाठी. त्याला मुद्दाम कधीच न ऐकलेला मजकूर द्या. सुरुवातीला त्याला अपमान वाटेल, कारण आजवर वर्गात तो सर्वांत पुढे होता. त्याला एकट्याला बोलावून सांगा की तुझा कान तयार आहे, आता डोळ्याला त्याच्या बरोबरीला आणायचं आहे.

आणि त्याची जोडी त्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीशी लावा. तुम्ही लिहिता की ती अक्षर लावत वाचते. म्हणजे तुमच्या वर्गात खरोखर पानावरचं वाचणारी ती कदाचित एकटीच आहे! तिला कान नाही, त्याला डोळे नाहीत. तो तिला स्वाद आणि ज्वादचा उच्चार देईल, ती त्याला ‘इथे असं लिहिलेलं नाही’ म्हणून अडवेल. वर्गातलं हसणं तुमच्या रागावण्याने थांबणार नाही, पण हाफिज मुलगा जिच्याकडून शिकतो तिला कोणी हसत नाही. तिला मराठीतूनच एक गोष्ट दाखवा. ‘चाक’ आणि ‘चिमणी’तले च वेगळे आहेत हे कुठेही लिहिलेलं नसतं, ‘अंगण’ आणि ‘अंबा’तला टिंबाचा उच्चार एक नसतो, तरी ती न अडखळता वाचते, कारण शब्द ओळखीचा आहे. तिच्या आजी-आजोबांच्या कागदांतली मोडी तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नव्हती आणि शब्दही तोडत नव्हती, तरी लोक ती वाचायचे. लिपीत न लिहिलेलं वाचणं तिच्या रक्तात आहे.

स्नेहसंमेलनाची धास्ती सोडा, पण छापील उतारा निवडू नका. तुम्ही स्वतः 60-70 शब्दांचा मजकूर लिहा, तुमच्याच गावावर. ‘करयतुना अला साहिलिल-बहर’, म्हणजे आमचं गाव समुद्रकिनारी आहे, इथून सुरू करा. मासे, होड्या, नारळ, आणि पावसाळा, ज्याला अरबीत ‘मौसिमुल-अमतार’ म्हणतात आणि ज्या ‘मौसिम’वरून आपला मोसम आला. ओळखीचं जग असलं की मुलांच्या आवाजात आपोआप भाव येतो. सहा मुलं, प्रत्येकी दोन वाक्यं, आणि मागून एखाद्याने मराठीत अर्थ सांगायचा, म्हणजे बसलेल्या आयांनाही कळेल. तारीख ठरायची असेल तर मुख्याध्यापकांना 18 डिसेंबर सुचवा. 1973 मध्ये त्याच दिवशी अरबी ही संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा झाली, आणि जगभर तो अरबी भाषा दिवस म्हणून पाळतात. पाठ करून म्हणू देऊ नका, हातात कागद असू दे. कागदावर कुठे किती खुणा ठेवायच्या ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी सगळ्या ठेवेल, कोणी चारच.

सुरुवातीचं ध्वनिमुद्रण पुसू नका. संमेलनानंतरच्या आठवड्यात पुन्हा त्याच तीन प्रकारांचं एकेक मिनिट घ्या आणि दोन्ही मुलाला एकट्याला बसवून ऐकवा, आधी जुनं मग नवं. त्याच्या अब्बांना पाठवायचं का, ते त्याला विचारा. आणि बिनखुणांच्या उताऱ्याचे दोन्ही वेळचे आकडे मला कळवा, त्या मुलीचे आणि हाफिज मुलाचे तर नक्की.